खिडकीजवळच्या टेबलाचा लढा

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४.२०
अन्याय झाला की माणसाने लिहून ठेवावं, म्हणून ही वही. कोणाला दाखवायची नाही.

कॉफीवाल्यांचा मेसेज आला. ‘आमच्या निष्ठावान ग्राहकांसाठी आनंदाची बातमी.’ अशी सुरुवात झाली की पुढे काहीतरी काढून घेणार, हे आता पोरंही ओळखतात. आतापर्यंत एका भेटीला एक तारा मिळायचा. दहा ताऱ्यांना एक कप फुकट. शंभर तारे झाले की माणूस सोनेरी सदस्य, मग हवा तेवढा वेळ बसा, तेही खिडकीजवळच्या टेबलावर. पंधरा तारखेपासून भेटी मोजणार नाहीत, बिल मोजणार. जुने तारे आणि साठलेले फुकट कप बाद. पंचेचाळीस मिनिटांनी उठायचं. आणि खिडकीचं टेबल प्लॅटिनमवाल्यांना.

मी सोनेरी आहे. हे दुकान हॉस्पिटलच्या बरोबर समोर. जुलैपासून बाबा तिथे आणि मी इथे. इतकी निष्ठा मी ऑफिसलाही दाखवलेली नाही.

गप्प बसणार नाही.

५ नोव्हेंबर. ४.१०
आधी पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी वाकडा अर्थ काढायला नको.

बाबांजवळ सकाळी आया असते. सहानंतर ताई येते, शाळेतलं क्लार्कचं काम आणि घरचा स्वयंपाक उरकून. चार ते सहा मी. ड्यूटी मी खालून करतो. यात गैर काही नाही. पेशंटच्या खोलीत गर्दी करू नये, असं हॉस्पिटलच्याच भिंतीवर लिहिलंय. शिवाय लक्ष असतं. बाबांची खोली तिसऱ्या मजल्यावर, डाव्या टोकाकडून पाचवी, ताईनेच सांगितली होती. खिडकीच्या टेबलावरून समोर दिसते. पडदा उघडा म्हणजे जागे, बंद म्हणजे झोपलेत. सहाला ताईला फोनवर रिपोर्ट देतो. चौदा वर्षं आर्किटेक्टकडे नकाशे काढतोय. इमारत बाहेरून बघून आत काय चाललंय ते सांगणं हा माझा धंदा आहे.

आज पडदा बंद. ताईला म्हटलं, शांत झोपलेत. ती म्हणाली, बरं.

संकल्प: उद्यापासून आधी दहा मिनिटं वर, मग कॉफी.

६ नोव्हेंबर. ४.०५
लिफ्टला मोठी रांग. आजारी माणसांची जागा अडवणं बरं दिसत नाही. जिना आहे, पण घामेजल्या अंगाने पेशंटसमोर जाऊ नये.

वेळ वाया घालवला नाही. ग्राहकांच्या प्रतिक्रिया गोळा केल्या. इथे कोणी कोणाला नाव विचारत नाही. ‘समोर कोण आहे?’ एवढंच विचारतात. मी सांगतो, वडील, सुधारतायत.

जुळ्यांचा बाप (समोर जुळी, सातव्या महिन्यात झालेली, काचेच्या पेटीत) भयंकर चिडलाय. ॲपवर एक तारा देऊन त्याने जे लिहिलंय ते या वहीतही उतरवता येणार नाही. पिशवीबाई (समोर नवरा) म्हणाल्या, मला तारे-बिरे कळत नाहीत, वॉर्डातल्या बाकाने कंबर मोडते म्हणून सर्वांत छोटा कप घेऊन बसते, पाऊण तासात उठवलं तर जाऊ कुठे? टोपीवाल्या काकांनी (समोर बायको, दुसरा मजला) टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, माझे नऊ फुकट कप साठलेत हो. ती बरी झाली की वॉर्डातल्या सगळ्यांना इथे आणून कॉफी पाजायची, असं आमचं ठरलंय.

ऐकून माझं रक्त उसळलं. यांना नेता नाही. नेमकं हेच कमी आहे.

७ नोव्हेंबर
निवेदन तयार. चार मागण्या. चौथी खिडकीच्या टेबलाची, तिच्याखाली दोन रेघा. चौदा सह्या एकाच संध्याकाळी. मॅनेजर बाईंना दिलं तर त्यांनी वाचून नीट घडी घातली आणि हेड ऑफिसला पाठवते म्हणाल्या. बाई पन्नाशीच्या, चेहरा कायम थकलेला. त्यांनी मला एकच विचारलं, की या चौदांपैकी महिन्याभराने किती जण इथे असतील असं वाटतं. मी म्हणालो, सगळे. त्या कप पुसायला लागल्या.

निवेदनाच्या गडबडीत वर जायचं राहिलं. पडदा उघडा होता. ताईला रिपोर्ट: जागे होते, प्रसन्न वाटले.

९ नोव्हेंबर
हेड ऑफिसचं उत्तर. ‘तुमची प्रतिक्रिया आमच्यासाठी मोलाची आहे.’ जुळ्यांच्या बापालाही हेच. त्याने लिहिलं होतं त्यावर हे उत्तर म्हणजे कमालच आहे. पालथ्या घड्यावर पाणी. पण पाणी ओतत राहणाऱ्यांपैकी मी आहे.

ताई लहानपणापासून मला आरंभशूर म्हणते. या वेळी बघेलच.

१० नोव्हेंबर, रविवार
खरं लिहायचं तर, एकदा वर गेलो होतो. जुलैत, घशाचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी.

बाबांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. त्यांनी जिन्यातून हाक मारली की मी चौथ्या मजल्यावर पुस्तक उघडून बसायचो, आणि शेजारची पोरंही बसायची. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. माझं नाव घेत होते, ओठांवरून कळलं. नळीतून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मग ते हसले, मला धीर यावा म्हणून.

मी म्हणालो, पार्किंगची पावती राहिली, घेऊन येतो. आणि खाली आलो.

तेव्हापासून ती पावती आणतोय. आता ते कागदावर लिहून बोलतात म्हणे. ताई सांगते, अक्षर अजून झोकदार आहे.

असो. हा विषय इथे नको. ही वही लढ्याची आहे.

१२ नोव्हेंबर. ४.३०
पहिली फितुरी. जुळ्यांचा बाप दोन दिवस फिरकला नाही. मॅनेजर बाई म्हणाल्या, दोन्ही पोरं घरी नेली, दीड-दीड किलोची झाली होती, हसऱ्या तोंडाने सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. माझा घेतला नाही. मी त्या वेळी टॉयलेटमध्ये होतो. तरी निवेदनाचं पुढे काय, हे विचारायला एक माणूस थांबू शकतो.

काम झालं की लोक चळवळ विसरतात. लिहून ठेवतो.

१३ नोव्हेंबर
पिशवीबाईही नाहीत. मी मॅनेजर बाईंना जरा तोऱ्यातच म्हणालो, दुसऱ्या फितूर. त्या म्हणाल्या, त्यांचे मिस्टर सोमवारी गेले. नेहमीचा छोटा कप घ्यायला आल्या होत्या, सवयीने, घेतलाही, आणि मग तो धरून दारात उभ्या राहिल्या.

सह्यांच्या यादीत त्यांचं नाव आहेच, ते खोडणार नाही.

पडदा बंद. झोपलेत.

१४ नोव्हेंबर. ५.४०
आज जुन्या योजनेचा शेवटचा दिवस. टोपीवाल्या काकांनी भलतंच केलं. नऊच्या नऊ कप आजच मागवले. बाद होण्यापेक्षा वॉर्डात नेतो म्हणाले, सिस्टरांना आणि बाजूच्या खाटांवरच्या माणसांना. बायकोला पिता येत नाही, पण वास तरी घेईल. मॅनेजर बाईंनी दोन ट्रे भरले. दोन ट्रे म्हणजे चार हात लागणार. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ट्रे उचलला. रस्ता ओलांडला. लिफ्टपर्यंत गेलो, आतही पाय टाकला. मग आठवलं की निवेदनाची प्रत टेबलावर उघडी राहिलीय. एका वॉर्डबॉयच्या हातात ट्रे दिला आणि परत आलो. प्रत जागेवरच होती. पण नसती तर?

काका वीस मिनिटांनी रिकामे ट्रे घेऊन आले. डोळे लाल, चेहरा खुलला होता. म्हणाले, तिने वास घेतला आणि मला म्हणाली, साखर जास्त आहे. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्यात खोट काढली. मग टोपी घालून निघाले.

अशा लोकांकडून संघटित लढा कसा उभा राहणार? जो तो आपापल्यापुरता मार्ग काढतो.

१५ नोव्हेंबर. ४.००
काळा दिवस.

खिडकीच्या टेबलावर ‘प्लॅटिनम’ची पाटी. प्लॅटिनम कोणी नाही, टेबल रिकामं. तरी मला बसू दिलं नाही. मॅनेजर बाई म्हणाल्या, कॅमेरा आहे, वरून बघतात, माझी नोकरी जाईल. आतल्या कोपऱ्यात बसवलं, टॉयलेटच्या दाराशेजारी. इथून हॉस्पिटल दिसत नाही. दिसतो हात वाळवायचा पंखा.

ड्यूटीत खंड पडू दिला नाही. अंदाजाने रिपोर्ट दिला. इतक्या महिन्यांचा अनुभव आहे: चार ते पाच झोप, पाचनंतर थोडे जागे.

१६ नोव्हेंबर
पंखा. पंचेचाळीस मिनिटं. बाहेर पडून पुन्हा आत, पुन्हा कप, पुन्हा पंचेचाळीस. त्यांना वाटतं मी थकेन.

१७ नोव्हेंबर, रविवार
ताईचा फोन. बाबा दोन दिवस अस्वस्थ आहेत. कागदावर सारखं लिहितात, ‘आज आला नाही का?’

मी म्हणालो, मी तर रोज येतो. औषधांनी या वयात गोंधळ होतो, माणूस समोर असून ओळखत नाहीत. तिला नीट समजावलं. ती म्हणाली, उद्या त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा. दोनच मिनिटं. बोलू नकोस हवं तर.

म्हटलं, नक्की. संकल्प: उद्या वर. कानाला खडा.

१८ नोव्हेंबर. ४.५०
वर गेलो नाही, कारण आज बैठक होती. बैठकीला मी एकटा. टोपीवाल्या काकांनी बायकोला घरी नेलं, मॅनेजर बाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मी म्हणालो, चला, सुटी मिळाली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सुटी म्हणजे कसली, ते मला कळत नाही असं नाही.

उरलेल्या सह्यांपैकी एकही माणूस आता इथे येत नाही. पण निवेदन कायद्याने जिवंत आहे.

१९ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. ठिय्या आंदोलन.

ठरवून खिडकीच्या टेबलावर बसलो, पाटी उलटी करून. पंचेचाळीस मिनिटं झाली, उठलो नाही. तास झाला. आजूबाजूचे ग्राहक बघत होते. एकाने फोनवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मी त्याला सहभागी व्हा म्हणालो, तर तो मुद्दाम दुसरीकडे बघायला लागला. समोर पडदा उघडा होता. पाच दिवसांनी दिसला. बरं वाटलं, मोठ्याने बोलायला आणखी जोर आला. निष्ठेची काही किंमत आहे की नाही, असं मी विचारलं. रोज येणाऱ्या माणसाला ओळखत नाही ते दुकान कसलं, असंही म्हणालो. चांगलं बोललो.

मॅनेजर बाई आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या ग्राहकांसमोर कधीच बसत नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, “वडील आहेत ना समोर? मग वर जाऊन बसा की. तिथे कोणी उठवत नाही.”

मी उठलो. माघार नाही ही. डावपेच.

२० नोव्हेंबर, बुधवार. ५.१५
साडेचारला ताईचा फोन. ती या वेळी करत नाही. कुठे आहेस, म्हणाली.

म्हटलं, बाबांजवळ. शांत झोपलेत.

ती म्हणाली, “मी बाबांजवळ आहे. दुपारीच आयसीयूत आणलंय. तू कोणाजवळ बसलायस?”

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं. मग म्हणाली, पहिल्या मजल्यावर ये, लगेच.

रस्ता ओलांडला. जिन्याने गेलो. आयसीयूच्या काचेच्या दारापर्यंत गेलो. आत ताईची पाठ दिसली. चप्पल बाहेर काढायची, हात धुवायचे, हिरवा गाऊन घालायचा, अशी पाटी आहे. चप्पल काढली. हात धुतले. गाऊन संपले होते. सिस्टर म्हणाली, पाच मिनिटांत आणते. त्या पाच मिनिटांत मी चप्पल घालून खाली आलो.

उद्या सकाळी ताजे गाऊन येतील. सकाळी जातो. हे नक्की.

२१ नोव्हेंबर
सकाळी ऑफिसला जाऊन रजा टाकायची होती. ती टाकली. मग कॉफीच्या दुकानापर्यंत आलो. बारा दहाला ताईचा फोन.

बाबा गेले.

मी खालीच होतो.

२५ नोव्हेंबर
ताईकडे गेलो. भांडायची तयारी करून गेलो होतो. मुद्दे होते: टेबल काढून घेतलं, लिफ्टला रांग असते, गाऊन पुरवत नाहीत, मला कोणी वेळेवर काही सांगत नाही. ती कपड्यांच्या घड्या करत होती. बाबांचे शर्ट. मी पहिला मुद्दा काढला, टेबलाचा.

ती म्हणाली, माहीत आहे. पहिल्या आठवड्यातच सिस्टरने सांगितलं होतं की चार ते सहा या खोलीत कोणी नसतं. मी तुला फैलावर घेणार होते. बाबांनी हात धरला.

मग शर्ट खाली ठेवून म्हणाली, “रोज चारला ते पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून घ्यायचे. तू समोर काचेत बसलेला दिसायचास. आला, असं लिहायचे. आज दोन कप झाले. आज कोणाशी तरी बोलतोय, बरं झालं, एकटा नाही.”

मी विचारलं, माझ्याकडे बघायचे? मला तर कधी खिडकीत दिसले नाहीत.

ती म्हणाली, “तू दुसऱ्याच खिडकीकडे बघायचास. आतून डावी ती बाहेरून उजवी. बाबा पोट धरून हसले होते. म्हणाले, म्हणजे लिहिलं, नकाशे काढतो म्हणे. सांगू नको त्याला, लाजेल.”

मी चार महिने कोणाच्या पडद्याकडे बघत होतो, मला माहीत नाही.

मग ती शेवटच्या दिवसांचं बोलली. पंधरापासून तू दिसेनास. चार वाजले की ते काचेकडे बघत बसायचे. सहापर्यंत. मी सांगायचे, तो वर यायला निघालाय. एकोणीसला तू पुन्हा दिसलास, हातवारे करत होतास. त्यांना वाटलं, तू त्यांना हात करतोयस. त्यांनीही केला. बराच वेळ केला.

मी काय बोललो ते आठवत नाही. ताईने मला पाणी दिलं. मला वाटतं मी रडलो. ती रडली नाही, तिचं रडून झालं होतं. शर्टांच्या घड्या पुढे चालू ठेवल्या, आणि एक मला देऊ का म्हणाली. मला तो होणार नाही, खांद्यात फार मोठा आहे. तरी घेतला.

२८ नोव्हेंबर. ४.००
हेड ऑफिसचा मेसेज. ‘ग्राहकांच्या प्रतिक्रियांचा आदर करून’ हॉस्पिटलसमोरच्या शाखेत वेळेची मर्यादा रद्द. खिडकीचं टेबल जुन्या सोनेरी सदस्यांना पुन्हा खुलं. चारपैकी दोन मागण्या मान्य. चौदा सह्यांपैकी हजर मी एक.

गेलो. का गेलो सांगता येत नाही, पाय गेले. टेबलावर एक नवी बाई बसली होती, मांडीवर फाइल, कपाला हात लावलेला नाही. मॅनेजर बाई तिला उठवायला निघाल्या. मी नको म्हणालो. उभ्यानेच समोर बघितलं. या वेळी उजवीकडून पाचवी मोजली. दोनदा मोजली. पडदा उघडा, पलंगावर कोणीतरी होतं, डोक्याकडची बाजू सपाट.

त्या बाईने मान वर करून मला विचारलं, तुमचं कोण आहे समोर?

तोंडात उत्तर तयार होतं. वडील, सुधारतायत, एवढं म्हणूनही झालं. ती म्हणाली, नशीबवान आहात.

मग सांगितलं, नाही, गेले. आणि दाराकडे वळलो.